निकालातलं एक वाक्य

“ते वाक्य चुकलंय, साहेब,” मी जजसाहेबांना म्हणालो, तशा मागच्या बाकावरच्या सुशीलाबाई ताडकन उभ्या राहिल्या. त्या डोणगावच्या मास्तरीण. मी सरकारी वकील, म्हणजे त्यांच्याच बाजूचा.

गावातला एक बड्या घरचा मुलगा रोज शाळेपर्यंत त्यांच्या मागे यायचा, शिट्ट्या मारायचा. मॅजिस्ट्रेटनं त्याला शिक्षा दिली. पण निकालात लिहून ठेवलं, ‘गावात आरोपीची ख्याती अशीच आहे.’ झालं. अपिलात त्याच्या वकिलानं तेवढंच धरलं. ख्याती वाईट म्हणून गुन्हा शाबीत होत नाही, हे कुणीही वकील सांगेल.

लंचमध्ये बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं.

“काऊन वकीलसाहेब, तुम्ही त्याच्याकडून बोलून राह्यले का? हा सुटला तर बाबा मले नोकरी सोडाले लावतीन.”

मी त्यांना समजावलं. तेव्हा मुंबईला ज्युरी असे, म्हणजे खटला ऐकून दोषी की निर्दोष ते ठरवणारे साधे नागरिक. जजनं ज्युरीला पुरावा चुकीचा समजावला, तर त्यावर अपील होतं. आपल्याकडे ज्युरी नाही. मॅजिस्ट्रेटच स्वतःला समजावणार आणि स्वतःच चुकणार. पण वरचं कोर्ट बघतं ते एकच. चुकलेलं बाजूला काढलं, तर उरलेल्यावर शिक्षा टिकते का?

“आणि नाही टिकली तर?”

“तर सुटेल,” मी म्हणालो. खोटा धीर द्यायची मला सवय नाही. त्यांनी डबा न उघडताच पिशवीत ठेवला. मला वाईट वाटलं.

दुपारी जजसाहेबांनी विचारलं, “ख्याती काढली. उरलं काय?”

मी बाईंची साक्ष वाचली. मग चौकातल्या शिंप्याची. बाई थांबली की हा थांबे, चालली की हा चाले.

समोरचे वकील म्हणाले, “माझा अशील शेतात जात होता. रस्ता सगळ्यांचा आहे.”

“आहे ना,” जजसाहेब म्हणाले. “पण बाई थांबली की थांबायचं, हे शेतातलं कोणतं काम?”

ते वाक्य खोडलं गेलं. शिक्षा कायम राहिली.

बाहेर बाईंनी विचारलं, “म्हणजे तो वाईट हाय, असं कोर्टानं म्हटलंच नाही?”

“नाही. त्यानं काय केलं, तेवढंच म्हटलं.”

“मग पुरे झालं. उद्या मले शाळा हाय,” म्हणत त्या स्टँडकडे निघाल्या.

माणूस कसा आहे, हे साक्षीदार तासभर सांगतात. मी आता दुसऱ्या मिनिटाला थांबवतो. काय पाहिलं, तेवढं बोल म्हणतो.