तलावावरचं तोरण

उताणं पोहणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. डोक्यावर पताकांची दोरी दिसली की भिंत जवळ आली असं समजायचं आणि मग हात मोजून मारायचे. माझं सगळं बॅकस्ट्रोकचं आयुष्य त्या पताकांच्या भरवशावर गेलं. देवावरचा भरवसा मात्र एका वर्षी पार उडाला होता. दर शनिवारी मारुतीला तेल घालूनही जिल्ह्याच्या संघातली निवड थोडक्यात हुकायची आणि माझ्या वयोगटातली ती शेवटची संधी होती. स्पर्धेच्या सकाळी देवळात जाऊन मी त्याला चांगलंच सुनावलं आणि साताऱ्यातल्या तलावावर आले.

तिथे वेगळंच होऊन बसलेलं. वानरांनी एका टोकाची पताकांची दोरी तोडून नेली होती. पंच म्हणाले, पताका नाहीत तर बॅकस्ट्रोक रद्द. आमचे सर शोधाशोध करून हात हलवत परत आले. मारुतीनं रागावून आपली सेनाच धाडली, असं वाटून मी पायरीवर रडत बसले.

शेजारी मेढ्याकडची एक मावशी नातीची शर्यत बघून बसली होती. तिच्या पाटीत झेंडू आणि आंब्याच्या पानांचं लांबलचक तोरण होतं, मारुतीच्या सभामंडपाला बांधायचं, नवसाचं. माझं रडगाणं ऐकून तिनं पाटीच पुढे सरकवली.

“ह्ये बांधा की.”

“मावशी, देवाचं आहे ते.”

“मग? त्यो काय आवळून बसतोय व्हय? नवस माजा हाय, मी बघती त्याच्याशी.”

पंच हसले, पण बांधू दिलं.

त्या शर्यतीत शेवटी निळ्या आभाळात एकदम झेंडूची ओळ आली. इतका आनंद झाला की मी हात मोजायचंच विसरले. हात आपोआप भिंतीला लागला. मी पहिली आले होते. पुढे राज्याची विजेती झाले, पदकंही बरीच मिळाली, पण तसं पोहणं पुन्हा झालं नाही.

ओलं तोरण घेऊन आम्ही दोघी देवळात गेलो. बांधता बांधता मी विचारलं, नवस कशाचा होता?

“नात पाण्याला लय भ्यायाची. पवाय लागली की तोरण बांधीन म्हनलं हुतं.”

नातीचा नंबर त्या दिवशी शेवटून पहिला होता. आणि मावशीचा चेहरा आनंदानं नुसता फुलला होता.

तेव्हापासून मी मारुतीकडे नंबर मागितला नाही. पाण्याला पाठ टेकते आणि पुढचं त्याच्यावर सोडते.