'घर' या शब्दाची चिठ्ठी
चष्म्याचं घर उघडलं की आतल्या जुन्या मखमलीचा वास येतो आणि मला आमची अमरावतीची माडी आठवते. मध्यप्रांत-वऱ्हाडाचे दिवस होते. वडील शब्दकोश करत होते आणि शब्दांच्या चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडे होतं. एका अर्थातून दुसरा निघाला असेल तर त्याच शब्दाखाली पुढचा आकडा, नाहीतर शब्द वेगळा, हा त्यांचा नियम. त्या दुपारी शेजारच्या कापसाच्या जिनातून सरकीचा वास येत होता आणि काम 'घर'पाशी अडलं होतं. वडिलांचे वकील मित्र म्हणाले, "चष्म्याचं घर वेगळं लावा. त्यात कोण राहते?" वडिलांनी मला विचारलं, "तुले काय वाटते, बाई?" मी त्यांचा चष्मा काढून घेतला, घरात ठेवला आणि झाकण लावलं. "चष्मा राहते, काका. शब्द एकच आहे." काका हसले. मग मी चिठ्ठीवरचा शेवटचा अर्थ वाचला, 'विवाहित स्त्रीचे सासर'. महिनाभरात मी लग्न होऊन अकोल्याला जाणार होते. "आन् माहेर?" मी विचारलं. "ते 'म'मध्ये येईल ना," काका म्हणाले. "तिथं येऊ द्या, पण इथंबी पायजे." वडिलांनी चष्म्यासाठी हात पुढे केला. कोश छापून अकोल्याला आला तेव्हा मी आधी तेच पान उघडलं. माहेराला वेगळा आकडा नव्हता. पहिल्याच अर्थात त्यांनी लिहिलं होतं, 'राहण्याची जागा, लेकीची, लग्नानंतरही.' त्या माडीत आता दुसऱ्यांचं बिऱ्हाड आहे. तरी अमरावतीला निघताना कुणी विचारलं, तर मी घरी चालले असंच सांगते.