जावेच्या नावावरची साखर

पडदेवालीची जीभ तिच्या कात्रीपेक्षा तेज. गिऱ्हाइकानं खिडकीचं माप चुकीचं आणलं की म्हणायची, "खिडकी मोजलीत की शेजाऱ्याची भिंत?" अशी ही बाई दवाखान्याच्या दारात मात्र गरीब गाय व्हायची. सगळा घोर त्या मेल्या आरोग्य विम्याचा.

नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन विम्यामुळेच पार पडलं होतं. त्यानंतर नवरा-बायकोच्या त्या एकत्र विम्याचा हप्ता दरवर्षी चढत गेला. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी विमा सोडला, पण हिनं पोटाला चिमटा काढून भरला. नवऱ्याला पुन्हा झटका आला तर काय करायचं, या एका विचारानं ती हप्त्याची तारीख कधी चुकवायची नाही.

अशात तिलाच तहान तहान होऊ लागली. सुईत दोरा ओवला जाईना. आईला साखरेचा आजार होता, त्यामुळे तिनं काय ते ओळखलं. पण हे कागदावर आलं तर हप्ता आणखी वाढणार, नाहीतर विमाच बंद करतील, अशी तिला धास्ती. समोरच्या खोलीत राहणारी धाकटी जाऊ बेकरीत कामाला, अंगानं धडधाकट. ती म्हणाली, "ताई, माझ्या नावावर तपासा. माझा विमा बेकरीचा मालक भरतो. मला काय धाड भरलीय!"

झालं. तपासणी जावेच्या नावावर, गोळ्याही जावेच्या नावावर. दवाखान्यात नाव विचारलं की पडदेवाली बेधडक जावेचं सांगायची आणि घरी येऊन दोघी खो खो हसायच्या. नवऱ्यांना याचा गंधही नव्हता.

पुढं बेकरीच्या मालकानं परवडत नाही म्हणून कामगारांचा विमा बंद केला. जावेनं स्वतःचा काढला. साखर आहे का, असं विमा कंपनीनं विचारल्यावर ती नाही म्हणाली. खरं तेच बोलली बिचारी.

आणि नेमकं तिचंच पोट दुखायला लागलं. पित्ताशय खड्यांनी भरलेलं, वर सुजलेलं. डॉक्टर म्हणाले, थांबण्यात अर्थ नाही, जिवावर बेतेल. इस्पितळातला विम्याचा माणूस तिच्या नावावरचे जुने रिपोर्ट बघून म्हणाला, "बाईंनी जुनी साखर लपवली. कंपनी पैसे देणार नाही." आज तपासली तर साखर नव्हती, पण ती गोळ्यांनी आटोक्यात असणार, असं त्याचं म्हणणं. दीर उसनवारीसाठी दारोदार फिरत होता.

पडदेवाली खाटेजवळ गेली तर जावेनं तिचं मनगट घट्ट धरलं. "ताई, तोंडातून ब्र काढायचा नाही. भाऊजींच्या हृदयाचं काय?"

पडदेवालीला रडू फुटलं. तिनं मनगट सोडवलं आणि तरातरा विम्यावाल्याच्या टेबलाशी गेली. बाहेर थांबलेला तिचा नवरा मागोमाग आला.

"ती साखर तिची नाही. माझी आहे," ती म्हणाली. "तपासायला दिलेलं सगळं रक्त माझं होतं."

नवरा मटकन बाकावर बसला. त्याचा हात छातीकडे गेला तशी तिचा जीव टांगणीला लागला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर औषधं मला आणून तुमची बंद केली असती तुम्ही."

तसंच केलं असतं त्यानं.

विम्यावाला चष्मा पुसत म्हणाला, "लिहून द्या, तुमचं रक्तही द्या, मग तुमच्या जावेचं प्रकरण पुन्हा बघायला लावतो. पण बाई, तुमच्या स्वतःच्या विम्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान हलवली, हो म्हणून. पण चेहरा पांढराफटक पडला होता.

नर्स सुई घेऊन आली. "नाव?"

सवयीनं जिभेवर जावेचंच नाव आलं. पडदेवालीनं ते गिळलं आणि स्वतःचं सांगितलं.

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं सांगा."

तिनं मोठ्यानं सांगितलं. आतल्या खाटेवरून जाऊ कळवळून ओरडली, "ताई, गप्प बसा हो!" पण तोवर पडदेवालीनं बोट पुढं केलं होतं.