फेरीतल्या उशा

आमच्या धर्मादाय प्रसूतिगृहात उशा आहेत. पण त्या बाळंतिणींसाठी नाहीत, तपासणीच्या पथकासाठी आहेत. एरवी त्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, स्टोअरमध्ये बंद असतात आणि चावी माझ्या कमरेला. मी इथली इन्चार्ज सिस्टर. उशा वाटल्या की मळतात, पेशंटबरोबर घरी जातात, नव्या मागितल्या तर वरून उत्तर येत नाही. म्हणून त्या जपायच्या ही शिस्त मीच घातली. आमच्याच ट्रस्टचं दुसरं प्रसूतिगृह डोंबिवलीत आहे. पथक सकाळी कल्याणला आमच्याकडे येतं, इथेच जेवतं आणि मग तिकडे जातं. ते जेवत असताना उशा अ‍ॅम्ब्युलन्समधून पुढे निघालेल्या असतात. पथकातल्या कुणालाही त्या कधी ओळखीच्या वाटल्या नाहीत, याचं आम्हाला केवढं कौतुक! वरून कीर्तन, आतून तमाशा, असं दुसऱ्यांबद्दल म्हणायला मात्र मी पहिली.

या हिवाळ्यात पथक आलं तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवर आंबिवलीकडच्या गावातली एक मुलगी होती. पहिलंच मूल, तेही सिझेरियन. टाक्यांमुळे तिला वाकता येत नव्हतं आणि बाळ काही केल्या छातीला लागत नव्हतं. त्याचं रडणंही बारीक झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत प्यायलं नाही तर मोठ्या हॉस्पिटलला हलवू." मुलीची आई, गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली आगरी बाई, ते ऐकून खाटेचा दांडा धरून उभी राहिली.

वॉर्डातल्या मावशींनी उशा वाटल्या. त्या बाईनं आपली उशी लेकीच्या डोक्याखाली ठेवलीच नाही. तिच्या मांडीवर ठेवली आणि वर बाळाला आडवं केलं. बाळ बरोबर उंचीवर आलं, थोडं चाचपडलं आणि लागलं. पथकातल्या मॅडम तिथे थांबल्या, "व्हेरी गुड" म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले.

पथक जेवायला बसलं. खाली ड्रायव्हर हॉर्न द्यायला लागला. बाकीच्या उशा गोळा झाल्या, ही एक राहिली. मावशी काही त्या खाटेकडे जाईनात, म्हणून मी स्वतः गेले.

"उशी द्या. दुसरीकडे पाठवायचीय."

"पोर आताच लागलाय बाय. जरासा थांब ना."

"गाडी खोळंबलीय हो. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

एक उशी कमी गेली असती तर काही आभाळ कोसळलं नसतं. तिकडच्या इन्चार्जनं फोन करून विचारलं असतं, एवढंच. त्या एका फोनला मी घाबरले.

बाई भांडेल असं वाटलं होतं, माझंही तोंड तयार होतं. पण तिनं बाळाला अलगद सोडवलं. ते रडायला लागलं. उशीवर दुधाचा ओघळ आला होता, तो तिनं पदरानं पुसला आणि उशी माझ्या हातात देत म्हणाली, "डाग दिसला तं तुला बोलतील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी उशी घेऊन मी जिना उतरलेच.

मग तिनं आपलं दुसरं लुगडं घडी करून लेकीच्या मांडीवर ठेवलं. ते सारखं घसरायचं, म्हणून दुपारभर ती खाटेशी बसून ते दोन्ही हातांनी धरून राहिली. संध्याकाळपर्यंत बाळ नीट प्यायला लागलं, हलवावं लागलं नाही. हे मला नर्सकडून कळलं. माझी त्या खाटेकडे फिरकायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी तिला उशी द्यायची असं ठरवून आले, तर उशा डोंबिवलीहून परतल्याच नव्हत्या.

घरी जायच्या दिवशी ती बाई पेढ्यांचा पुडा घेऊन ऑफिसात आली. सगळ्यांना एकेक दिला, मला दोन.

"दोन कशाला?"

"एक बालाचा," ती म्हणाली. "आन एक उशीचा. तू दिलीस म्हनून तं पोर लागला."

तिच्यासमोर मला ते खावे लागले. तेवढ्यात अ‍ॅम्ब्युलन्स आली आणि दोन मावशी छातीशी उशा कवटाळून वर आल्या. "सिस्टर, नेहमीसारख्या आत ठेवू ना?"

नको, वॉर्डात वाटा, एवढंच म्हणायचं होतं. मी उठून कुलूप काढलं. मावशींचे हात भरलेले बघून त्या बाईनंच पुढे होऊन स्टोअरचं दार उघडून धरलं.