दोन चुलींवरचं एक ताट

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. वय किती, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तरुणपणीच मालक गेले. दुष्काळात खडी फोडून त्यांनी दोन्ही लेकरं वाढवली, पुढं पणतूही मांडीवर खेळवला. मला मात्र त्या आठवतात ओट्यावर ताट घेऊन बसलेल्या.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. सोनईजवळच्या आमच्या घराच्या वाटण्या झाल्या. बैलजोडी आमच्याकडे आली, म्हैस थोरल्या दिरांकडे गेली. अंगणात कमरेएवढी भिंत उभी राहिली. जाऊबाईंनी त्या बैलांना वासरं असल्यापासून चारलं होतं. त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. आपण होऊन बोलणं मला कधीच जमलेलं नाही. दोन्ही घरांत शब्द उरला नाही.

आत्याबाईंनी एक महिना इकडं, एक महिना तिकडं जेवावं, असं भावकीनं सुचवलं.

"मला काय पाटाच्या पान्यावानी पाळी लावता व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "भाकर थोरलीची, कालवन धाकलीचं. रोज."

मग रोज गंमत. भाकरी यायची तेव्हा माझं कालवण कच्चं, नाहीतर कालवण निवून गेल्यावर भाकरी. आत्याबाई ताट घेऊन ओट्यावर बसून राहायच्या. शेवटी मी कालवणाला उकळी आली की पातेल्यावर पळी वाजवू लागले. पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. एवढंच आमचं बोलणं.

पोळा आला. बैल आमचे, म्हणून पुरण आमच्याकडे. जाऊबाईंच्या दारात बैलच नाहीत, त्यांनी सण केला नाही. नेहमीची बाजरीची भाकरी पाठवली. मी कटाची आमटी वाढली. पोळी वाढायला गेले, तर आत्याबाईंनी ताटावर हात धरला.

"माजं ठरल्यालं हाय. कालवन तेवढं तुजं."

सणाच्या दिवशी त्या भाकरीच कुस्करू लागल्या. रस्त्यानं जाणारी एक म्हातारी थांबली. "का गं, सुनांनी पोळी न्हाई केली?"

"केली की. पुरन हिच्याकडं, तवा तिच्याकडं. मी काय करू?"

जाऊबाई दारात उभ्या होत्या. त्यांची मान खाली गेली. ते मला बघवेना. मी पुरणाचं पातेलं आणि कणीक उचलली, भिंतीला वळसा घालून त्यांच्या दारात गेले.

"जाऊबाई, माझी पोळी फुटती. तुमी लाटता का?"

त्यांनी कणकेला बोट लावलं. "फुटंल न्हाई तर काय. किती घट्ट मळलीस. बस हितं."

पहिली पोळी आत्याबाईंच्या ताटात पडली. संध्याकाळी बैल आधी जाऊबाईंच्या दारात नेले. ओवाळताना त्या बैलांशीच बोलत होत्या, "वाळला रं, धाकली घालती का न्हाई खायला?" मला हसू आलं, त्यांनाही आलं.

त्यानंतर आत्याबाई पुष्कळ वर्षं जगल्या, सुखानं जेवल्या. शेवटी त्यांना भाकरी चावेना, मऊ भात लागायचा. तो कोणी करायचा, हे त्यांनी ठरवून दिलं नव्हतं. जाऊबाई सकाळीच तांदूळ घेऊन माझ्या चुलीपाशी यायच्या. भात शिजेपर्यंत आम्ही बोलत बसायचो. बोलायच्या त्याच जास्त.