ई-क्लासवरची साफसफाई

स्वभावाने मी फटकळ. बडनेऱ्याच्या आमच्या घरात माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. त्या रविवारी मात्र माझी बोलतीच बंद झाली, आणि तीही माझा सत्कार चालू असताना.

कौंडण्यपूरच्या वाटेवरच्या एका गावाची चराईची सरकारी जमीन आहे. अशा जमिनीला आमच्याकडे ई-क्लास म्हणतात. तिथे गाजरगवत इतकं माजलं होतं की गुरं तिकडे फिरकत नसत. आम्ही चार-पाच रिकामटेकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मते रिकामटेकडे, दर रविवारी जाऊन ते फुलायच्या आत मुळासकट उपटायचो. त्याने हातांना अशी खाज सुटते की लाटणंही धरवत नाही. तरी जात राहिलो, कारण उपटलेल्या जागी पवन्या परत येऊ लागला होता. हे इथलं मूळचं गवत. यंदाच्या पावसाळ्यात तर त्यातून लाव्याची शीळ ऐकू आली. लावा म्हणजे मुठीएवढा, मातकट पक्षी. जमिनीवरच अंडी घालतो. आम्ही त्याला शोधत ओणवे फिरायचो आणि गावातली मंडळी आम्हाला हसायची. तो काही दिसायचा नाही. दिसत नव्हता, म्हणून तर टिकून होता.

पोळ्याच्या गडबडीत आमचे दोन रविवार बुडाले. मग सरपंचांचा फोन आला. "ताई, या रविवारी याच. जेवन आमच्याकडे, अन सत्कारबी हाये."

गाडीतून उतरले आणि पाहते तर जमीन उघडी पडलेली. काळी, सपाट, विंचरल्यासारखी. गाजरगवत नाही, पवन्याही नाही. बांधाशी वाळक्या गवताचे ढीग लावलेले. क्षणभर वाटलं, आपण भलत्याच गावात उतरलो.

"हे काय केलं?" मी कसंबसं विचारलं.

"तणनाशक मारलं," सरपंच हसत म्हणाले. "वाळलं तसं दाताळ्यानं ओढून घेतलं. पोट्टे, बाया, सारं गाव लागलं होतं. तुमी दर रविवारी हात खाजवत घरी जाता, आमाले पाहवत नाई न, ताई. तुमी येनार म्हनून एकदाचं साफच करून टाकलं."

माझ्या गळ्यात हार पडला, खांद्यावर शाल आली. मला ओरडायचं होतं, शिव्या द्यायच्या होत्या. समोर सगळे कौतुकाने पाहत उभे होते. इतक्या मायेने कुणी इतकी नासधूस करू शकतं, हे मला अजून पचलेलं नाही.

"अन तुमच्या पक्ष्याले काई केलं नाई बरं," असं म्हणत सरपंचांच्या बायकोने माझा हात धरला आणि मला मधोमध नेलं. "तेवढी जागा सोडून दाताळं फिरवलं आमी."

ताटाएवढं वाळकं गवत तिथे शिल्लक ठेवलं होतं. त्यावर लाव्याची मादी अंडी उबवत बसली होती. चारी बाजूंनी उघडी. ती हलत नव्हती, फक्त तिचा गळा धपापत होता.

"पहा, आता लांबूनच दिसून राहिली! किती शोधत होत्या तुमी तिले."

बांधावरच्या बाभळीवर कावळे येऊन बसले होते. त्यांनाही ती दिसत होती.

थोडं अंतर राखून मी तिथेच मातीत बसकण मारली, गळ्यातल्या हारासकट. बरोबरची मंडळी मंडपाकडे गेली. थोड्या वेळाने मागून हाका येऊ लागल्या, "चाला न ताई, जेवन थंडं होऊन राहिलं."

मी उठले असते, तर कावळे खाली उतरले असते.