ईश्वरीची पकड

सिरसाळ्याच्या मुलींच्या कबड्डी संघाने सलग पाच वर्षं जिल्ह्यात कुणाची डाळ शिजू दिली नव्हती, आणि त्यातली चार वर्षं निघाली होती ती ईश्वरीच्या पकडीवर. पण त्र्याण्णव साली तिचं लग्न ठरलं. अंतिम सामन्याच्या दिवशी संघाचे प्रशिक्षक मृत्युंजय सरांनी तिचा टी-शर्ट काढून घेतला आणि आपल्या पुतणीला, शिवांजलीला दिला. वर चारचौघांत म्हणाले, "लगीन ठरलेल्या पोरीचा काय भरवसा?" ज्या शिवांजलीला चढाई ईश्वरीनेच शिकवली होती, तिला! हा अपमान ईश्वरी विसरली नाही. तिला विसरायचाच नव्हता.

सासर घाटनांदूरचं. तिथला संघ म्हणजे नुसती हौस. ईश्वरीने सासूला गोडीगुलाबीने राजी केलं, खुरपायला जाणाऱ्या दणकट बाया हेरल्या आणि त्यांना मैदानात असं राबवलं की त्यांच्यातली रतनबाई म्हणायची, "हिच्यापरीस मुकादम बरा." पहिल्या वर्षी सपाटून हरल्या. दुसऱ्या वर्षी जरा कमी हरल्या. शहाण्णवला थेट अंतिम सामन्यात आल्या, तोही सिरसाळ्याशीच, त्यांच्याच मैदानावर.

आता सरांनी डोकं लढवलं. सामन्याआधी सगळ्या गावादेखत आपल्या बायकोला ईश्वरीची ओटी भरायला लावली आणि लाऊडस्पीकरवरून म्हणाले, "लेक माहेरी आलीया. लेक कदी माहेराचं वाईट करत न्हाई." लोकांनी टाळ्या पिटल्या. ईश्वरी मनातून पेटली.

ओटीतले चार दाणे माहेरी परत टाकायचे असतात, पुन्हा येणं व्हावं म्हणून. ईश्वरीने ओढणीत सगळी ओटी घेतली आणि करकचून गाठ मारली. तिची आई मल्लम्मा गर्दीतून कळवळली, "ईश्वरे, दाणे टाक की गं!" ईश्वरीने तिकडे पाहिलंही नाही.

शेवटच्या चढाईला गुण बरोबरीत होते. शिवांजली आली. पाय टाकण्याआधी तिचा डावा खांदा किंचित झुकायचा. ही खोड तिला शिकवणारीलाच ठाऊक. खांदा झुकला आणि ईश्वरीने घोटा धरला.

शिट्टी झाली. घाटनांदूरच्या बाया नाचायला लागल्या, तरी ईश्वरीची पकड सुटेना.

"अक्का, सोड की गं, दुखतंय," शिवांजली रडकुंडीला आली.

पोरीचा दोष नव्हता, हे ईश्वरीला कळत होतं. तरी तिने सरांच्या डोळ्यात डोळे घालून घोटा आणखी आवळला.

"दुखू दे," ती म्हणाली. "तुज्या काकाला बघू दे."